रबाळ्याची कॅम्पर व्हॅन आणि थरमधल्या चार रात्री

जानेवारीच्या उत्तरार्धात, संक्रांतीचे लाडू संपायच्या आत, मी, माझे यजमान आणि माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे तिघे नवी मुंबईतील रबाळे एमआयडीसीतून भाड्याने घेतलेल्या कॅम्पर व्हॅनने जैसलमेरजवळच्या वाळवंटात जाऊन आलो. प्रवास नऊ दिवसांचा होता आणि त्यातल्या चार रात्री आम्ही खुरी गावाजवळ, वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी काढल्या. या सेवेबद्दल आतापर्यंत जे अभिप्राय वाचायला मिळाले, ते बहुतेक लोणावळा, काशीद किंवा फार तर गोव्यापर्यंत जाऊन आलेल्यांचे होते आणि त्यांतले कौतुक खरे आहे. मात्र ही गाडी मुळात कोकणच्या हवेचा विचार करून बांधलेली आहे, हे वाळवंटात गेल्यावरच कळते. पाऊस आत येऊ नये, ओल धरू नये, गंज चढू नये याची काळजी तिच्यात जागोजागी घेतलेली दिसते. धूळ, टंचाई आणि थंडी या तीन गोष्टींचा विचार मात्र कुणीतरी नंतर, घाईघाईने केलेला आहे.

गाडी म्हणजे आपण लग्नाच्या वऱ्हाडासाठी ठरवतो तीच उंच छपराची डिझेल ट्रॅव्हलर. आतली बाके काढून मागे आडवा पलंग, दाराजवळ ओटा आणि मधे बाकाचा पलंग होईल अशी घडीची सोय केली आहे. पलंगाखाली पाण्याची ७० लिटरची टाकी, बॅटरी आणि सांडपाण्याचा कॅन आहे. सुतारकाम उत्तम आहे. नऊ दिवसांत एकही कप्पा खडखडला नाही आणि भरधाव महामार्गावर ओट्याचा एकही खण आपोआप उघडला नाही. सासूबाईंचा पहिला शेरा मात्र पायरीवर होता. दाराची पायरी जमिनीपासून बरीच उंच आहे आणि धरायला दांडा एकाच बाजूला आहे. रबाळ्यातल्या तरुणाने लगेच एक लाकडी पाट आणून दिला, तोच आम्ही पूर्ण प्रवासात पायरीखाली ठेवत होतो. घरात कुणी गुडघ्यांचे दुखणे असलेले असेल, तर हा पाट आठवणीने मागून घ्यावा.

कागदपत्रांबाबत ही मंडळी चोख आहेत. नोंदणीची पाटी काळी आणि तिच्यावर पिवळी अक्षरे, म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याची रीतसर परवानगी असलेले वाहन. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ओळखीपाळखीने भाड्याने देणारेही बरेच भेटतात आणि अपघात झालाच तर विमा कंपनी कशाला आक्षेप घेईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. गाडीच्या उंचीबद्दल मात्र आधी सावध केले असते तर बरे झाले असते. ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या कमानीखालून ती आत जाईना, त्यामुळे सगळे सामान रस्त्यावर, वॉचमनच्या देखरेखीखाली चढवावे लागले आणि अर्ध्या इमारतीला आमच्या गोधड्यांचे दर्शन घडले.

गाडी ताब्यात देताना तिथल्या तरुणाने दीड तास खर्च केला, आणि माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. पाण्याचा पंप, गॅसची तोटी, बॅटरीचा मीटर, फ्रिज, छतावरचा पंखा हे सगळे त्याने आधी स्वतः चालवून दाखवले आणि नंतर आमच्याकडून चालवून घेतले. सोबत प्लॅस्टिकचे आवरण घातलेला, स्वच्छ मराठीत छापलेला सूचनांचा तक्ता होता. तिसऱ्या रात्री खुरीत पंप अचानक बंद पडला, तेव्हा त्या तक्त्यावरचा क्रमांक उपयोगी पडला. गाडीपाशी नेटवर्क नव्हते म्हणून माझे यजमान टेकडीवर चढून बोलत होते आणि मी खाली पलंगाची फळी उचलून टॉर्च धरून उभी होते. वरून ओरडून आलेल्या सूचनेप्रमाणे डावीकडून तिसरा फ्यूज बदलला आणि नळ सुरू झाला. रात्रीचे सव्वानऊ वाजले होते, तरी समोरच्या माणसाच्या आवाजात कंटाळा नव्हता.

आता पाण्याविषयी. ७० लिटर हा आकडा ठाण्यात बसून ऐकला तर पुरेसा वाटतो. पहिल्या दिवशी आम्ही घरच्या सवयीने नळ सोडून भांडी घासली, सासूबाईंनी सकाळी चूळ भरताना नळ वाहता ठेवला आणि संध्याकाळपर्यंत टाकी निम्मी झाली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या यजमानांनी, जे वीज कंपनीतून निवृत्त झाले असले तरी मीटर वाचायची सवय सोडू शकलेले नाहीत, वहीत रोजचा हिशेब मांडायला सुरुवात केली. तिघांना मिळून दिवसाला वीस-बावीस लिटर, त्यापलीकडे नाही. भांडी आधी कोरड्या वाळूने घासायची, जुन्या सुती धडप्याने पुसायची आणि मग एका तांब्यात विसळायची. सासूबाईंना यात काहीच नवल वाटले नाही. त्यांच्या माहेरी राखेने भांडी घासत, तिथे राख होती आणि इथे वाळू आहे, एवढाच फरक त्यांच्या लेखी होता. या पद्धतीने टाकी तीन दिवस पुरली.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पाण्याच्या जातीचा आहे. जैसलमेर भागातले भूजल पुष्कळ ठिकाणी खारट आहे. शहराला इंदिरा गांधी कालव्याचे पाणी मिळत असले, तरी आम्ही ज्या तळावर गाडी लावली होती तिथली टाकी बोअरच्या पाण्यावर चालत होती. ते पाणी आम्ही गाडीच्या टाकीत भरले आणि त्याच पाण्यात तूरडाळ शिजायला लावली. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळीचा दाणा बोटाने दाबल्यावर फुटत नव्हता. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे पुस्तकात वाचलेले होते, पण भुकेल्या सासूबाईंसमोर ते सिद्ध होताना पाहणे वेगळे असते. त्या रात्री शेवटी पिठले केले. दुसऱ्या दिवसापासून पिण्यासाठी आणि शिजवण्यासाठी जैसलमेरमधून वीस-वीस लिटरचे दोन जार आणले आणि टाकीतले पाणी फक्त धुण्यासाठी ठेवले. असे जार बांधून ठेवायला गाडीत जागाच नाही. ते आम्ही ओट्याला दोरीने बांधले. वाळवंटाची जाहिरात करणाऱ्यांनी निदान दोन जारांची खाच करून द्यायला हवी.

जाहिरातीचा विषय निघालाच आहे तर सांगते. या सेवेचे 'वाळवंट पॅकेज' म्हणून काही आहे आणि त्यासाठी दिवसाला पाचशे रुपये जास्त घेतात. त्या पाचशे रुपयांत दोन घडीच्या खुर्च्या, एक टेबल, बाजूला ताणायची ताडपत्रीची सावली आणि रंगीत दिव्यांची एक माळ मिळते. चाकात हवा भरायचा पंप नाही, फावडे नाही, ओढायची दोरी नाही, दाराची रूळपट्टी झाडायला साधा ब्रशही नाही. सावलीच्या खुंट्या बागेच्या मातीसाठी आहेत. वाळूत त्या लोण्यात सुरी जावी तशा आत जातात आणि तशाच बाहेर येतात. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा सावलीची एक बाजू फडफडत गाडीवर आपटू लागली. तळावरच्या माणसाने युक्ती दाखवली: गोणपाटाच्या पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, ती पिशवी हातभर खोल पुरायची. त्यानंतर सावली हलली नाही. दिव्यांची माळ आम्ही लावलीच नाही. जानेवारीत रात्री आठच्या सुमारास मृग, कृत्तिका आणि व्याध इतके ठसठशीत दिसत होते, आणि अगस्त्य ठाण्यातून दिसतो त्यापेक्षा बराच खाली, टेकडीच्या कडेलगत लुकलुकत होता, की त्या माळेला तिथे काही कामच नव्हते.

टेकडीवरच्या वाळूचा फारसा उपद्रव झाला नाही. ती जाडसर असते, पायाला लागते आणि झटकली की पडते. खरा त्रास कच्च्या रस्त्यावरच्या पिठासारख्या धुळीचा. मागच्या दाराचे रबर एका कोपऱ्यात दबून गेलेले होते आणि तिथून रोज धूळ आत येत असे. पहिल्या दिवशी कप्प्यातला पोळपाट काढला तर त्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर होता. आम्ही मागच्या खिडक्या उघड्या ठेवून गाडी चालवत होतो, ही आमचीही चूक होती. चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि उघड्या खिडकीतून ती धूळ आत ओढते. मग मागच्या सगळ्या खिडक्या आणि छताचे झाकण बंद करून, पुढचा पंखा बाहेरची हवा घेईल असा चालू ठेवला, म्हणजे आतला दाब किंचित वाढतो आणि फटींमधून हवा बाहेर जाते. निम्मी धूळ तेवढ्यानेच कमी झाली. उरलेल्या निम्म्याचे उत्तर नवे रबर हेच आहे, आणि ते देणे हे आमचे काम नव्हे.

सरकत्या दाराची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या खालच्या रूळपट्टीत वाळू साचते आणि त्यात ग्रीस असल्यामुळे तिचा लगदा होतो. दुसऱ्या दिवशी दार हातभर सरकून अडकले आणि सासूबाई आत, आम्ही बाहेर अशी पाच मिनिटे गेली. जोर लावला असता तर चाक रुळावरून सुटले असते. शेवटी भाजीच्या सुरीच्या पाठीने तो लगदा खरवडून काढला आणि त्याच दिवशी जैसलमेरच्या बाजारातून चाळीस रुपयांचा, रंगाऱ्यांकडे असतो तसा दोन इंची ब्रश घेतला. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी ती पट्टी झाडणे हा माझा नित्यनेम झाला, जसे घरी उंबऱ्याशी झाडू फिरवतो तसे.

रात्रीच्या थंडीबद्दल आम्हाला कल्पना होती, तिच्या परिणामाबद्दल नव्हती. कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली वाळू दिवसभराची ऊब झपाट्याने सोडते. दुपारी आम्ही सुती कपड्यांत बसलेलो असू आणि पहाटे गाडीतल्या तापमापकाने बाहेरचे तापमान ६ अंश दाखवले. सोबत मिळालेल्या दुलया ठाण्याच्या डिसेंबरला पुरतील इतपतच होत्या. घरून आणलेल्या दोन गोधड्यांनी आम्हाला तारले. पहिल्या रात्री थंडीच्या धास्तीने सगळ्या खिडक्या गच्च लावून झोपलो आणि पहाटे काचांवरून थेंब ओघळून उशीवर पडत होते. बाहेर ओठ फुटावेत इतका कोरडेपणा आणि आत तीन माणसांच्या श्वासाची ओल! छतावरचा पंखा सर्वांत मंद गतीवर आणि विरुद्ध बाजूची खिडकी दोन बोटे उघडी, एवढे केल्यावर पुढच्या रात्री काचा कोरड्या राहिल्या. थंडी थोडी वाढली, पण गोधडीतला माणूस ती सहन करतो.

इथे माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. गाडीत ५ किलोचा गॅस सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी आहे, झोपायची जागा तिथून हातभर अंतरावर आहे आणि तरीही कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र बसवलेले नाही. हा वायू रंगहीन आणि गंधहीन असतो; झोपेत असलेल्या माणसाला तो कळतही नाही. आमच्या शेजारी दुसऱ्या राज्यातून आलेले एक कुटुंब मोठ्या गाडीत झोपले होते आणि त्यांतले एक गृहस्थ निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून आत घ्यायच्या बेतात होते. माझ्या यजमानांनी त्यांना अडवले. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्याने माणसे गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, आणि बंद गाडी ही तर खोलीपेक्षाही लहान. रबाळ्याला परतल्यावर ही बाब मी लेखी कळवली आहे.

विजेच्या बाबतीत मात्र शंभर टक्के समाधान. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे ढोबळ मानाने १,२८० वॉट-अवर, आणि आमचा रोजचा खर्च फ्रिज, दिवे, पंखा, पंप आणि तीन फोन मिळून ५५०च्या आसपास होता. छतावरचा सौर पॅनल २०० वॉटचा आहे, पण तो छताला सपाट खिळलेला आहे. जानेवारीत जैसलमेरला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४२-४३ अंश वर असतो, त्यामुळे सपाट पॅनलवर ऊन तिरपे पडते. यजमानांच्या वहीत जास्तीत जास्त १२५ वॉटची नोंद आहे आणि पॅनल न झाडलेल्या दिवशी १०५ची. तरीही बॅटरी कधी निम्म्याखाली गेली नाही. फ्रिजला रात्री जवळपास कामच नव्हते. दुधाची पिशवी बाहेर ठेवली असती तरी चालले असते, कुत्र्यांची खात्री नव्हती एवढेच.

स्वयंपाकाच्या बाबतीत वाळवंटाने एक अनपेक्षित भेट दिली. ठाण्यात चिवड्याचा डबा पंधरा मिनिटे उघडा राहिला की पोहे माना टाकतात. खुरीला उघड्या परातीतला चिवडा तिसऱ्या दिवशीही तोंडात कुरकुरत होता. भाजलेला पापड सकाळी ठेवला तर संध्याकाळी तसाच. उलट भाकरीचे पीठ मळून दोन मिनिटे थांबले तर कडेने तडकायचे, म्हणून एकेका भाकरीपुरतेच पीठ ओल्या फडक्याखाली मळावे लागे. खोबरेल तेल बाटलीत घट्ट बसले होते आणि तेच सगळ्यांत जास्त हवे होते.

शौचालय म्हणजे पलंगाशेजारच्या कप्प्यातली, खाली काढून घेता येणारी टाकी असलेली सुटी बैठक. ती बाईमाणसांना आणि वृद्धांना किती मोठा आधार असते, हे भल्या पहाटे ६ अंशांत कळते. पडदा जाड आहे, वास येत नाही. टाकी रिकामी कुठे करायची याचे उत्तर मात्र तक्त्यावर 'कोणत्याही शौचालयात' इतकेच आहे. रस्त्यावरच्या ढाब्यांवर हे करू देतील असे समजू नये. आम्ही तळावर रात्रीचे सहाशे रुपये देत होतो आणि त्यात ही परवानगी आधीच मागून घेतली होती.

रुतण्याचा प्रसंग टाळता आला असता. टेकड्यांवर गाडी न्यायची नाही हा नियम करारात आहे आणि तो योग्यच आहे. आम्ही पक्क्या रस्त्यावरच होतो, पण वळवून घेताना मागची दोन्ही चाके कडेच्या भुसभुशीत वाळूत उतरली. जोर दिला तशी ती आणखी खाली गेली. अशा वेळी चाकांतली हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि त्याची पकड वाढते; पण परत भरायला पंप नसल्यामुळे ते धाडस केले नाही. अर्ध्या तासाने एक ट्रॅक्टर आला, त्याने स्वतःच्या साखळीने गाडी ओढली आणि पाचशे रुपये घेतले. ते वाजवी होते. त्या गृहस्थांना तिळाचा लाडू दिला, तेव्हा सासूबाई त्यांना 'गोड बोला' असे मराठीतच म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

खर्चाचा हिशेब असा. भाडे पॅकेजसह दिवसाला ८,००० रुपये, म्हणजे नऊ दिवसांचे ७२,०००. दिवसाला २५० किलोमीटर मोफत, पुढे किलोमीटरला १४ रुपये. घोडबंदरमार्गे अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर करत आमचे एकूण २,८०० किलोमीटर झाले, त्यामुळे वरच्या ५५० किलोमीटरचे ७,७०० रुपये. डिझेल सुमारे २७,०००. टोल, तळाचे भाडे आणि जेवणखाण वेगळे. एवढ्या पैशांत तिघे रेल्वेने जाऊन चांगल्या हॉटेलात राहून आले असते, आणि ज्यांना फक्त किल्ला आणि उंटाची सफर पाहायची आहे त्यांनी तसेच करावे. शिवाय जाण्यायेण्यात पाच दिवस जातात. पण पहाटे साडेसातला अंथरुणातूनच सूर्य वर येताना पाहणे आणि सासूबाईंना त्यांच्या वेळेवर, त्यांच्या चवीचा चहा मिळणे, हे हॉटेलात जमले नसते. चार लोकांसाठी म्हणून दाखवली जात असली, तरी माझ्या मते ही गाडी तिघांचीच आहे.

परतल्यावर २५,००० रुपयांच्या अनामतीतून ४,००० कापले. त्यात २,५०० 'वाळू साफसफाई' आणि उरलेले डाव्या बाजूच्या ओरखड्यांसाठी होते. ओरखडे वेड्या बाभळीच्या काट्यांचे आणि आमचेच होते, ते मान्य केले. त्यातला एक मात्र निघतानाच्या फोटोत आधीपासून दिसत होता, तो दाखवल्यावर पाचशे परत मिळाले. वाळू साफ करण्याचा दर करारात कुठेही नाही आणि वाळवंटाचे पॅकेज विकणाऱ्याने वाळूचे वेगळे पैसे घ्यावेत हे मला पटलेले नाही. तसे बोलून दाखवल्यावर निम्मी रक्कम आठवड्याने खात्यात जमा झाली. गाडी घेताना चारही बाजूंचे फोटो काढावेत, हवेचा पंप आणि फावडे आपले न्यावे, कार्बन मोनॉक्साइडचे सूचक यंत्रही आपलेच न्यावे, आणि मागच्या दाराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातले रबर बदलले आहे का ते बोट फिरवून पाहावे. दोन इंची ब्रश आणण्याची गरज नाही. आमचा चालकाच्या दाराच्या खिशात राहून गेला आहे.